बाहेरून लावलेली कडी

"बाबा, रात्री घराले आग लागली तं माझ्या खोलीची कडी कोन काढंल?"

योगेश्वरीनं हा प्रश्न जेवताना टाकला, तोही बाबांच्या तोंडात घास असताना. मुहूर्त तिच्या वर्गमैत्रिणीनं, खुशीनं, काढून दिला होता. तोंडात भात असला की बापाला ओरडता येत नाही, असं तिचं शास्त्र होतं. दुसऱ्या मैत्रिणीनं, चंचलनं, तर पैजच लावली होती, "तू शाळेतच शेर आहेस. घरी विचारून दाखव. विचारलंस तं तर्री-पोहा माझ्याकडून."

बाबांनी, म्हणजे जियालाल टेंभऱ्यांनी, घास गिळला, पाणी प्यायलं आणि शांतपणे विचारलं, "आग कायले लागंल?"

त्या घरात कुठल्याही प्रश्नाला असंच उत्तर मिळायचं. छप्पर कायले गळंल, मोटर कायले जळंल, पोरगी कायले नापास होईल. बाबांनी एकदा कायले विचारलं की येणारं संकट गावाच्या फाट्यावरूनच लाजून परत जातं, अशी त्यांची पक्की समजूत होती. मोटर मागच्याच महिन्यात जळली होती, पण ती गोष्ट घरात कोणी काढत नसे.

"गॅसनं लागंल, वायरनं लागंल," योगेश्वरी म्हणाली. "आजाच्या बिडीनं लागंल."

चुन्नीलाल आजा भिंतीला टेकून जेवत होता. तो म्हणाला, "माह्या बिडीनं आजवर काई जळलं नाई."

"धोतर जळलं," आई वाढता वाढता म्हणाली. "दोनदा."

"ते धोतर होय, घर नोहे."

संजूकाकानं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. तो बाबांचा धाकटा भाऊ. त्याच्या ताटात भाजी संपली तरी कळत नसे, घर संपलं तर कळेल का, ही शंका योगेश्वरीनं त्या घडीला मनातच ठेवली. एका वेळी एकच भांडण घ्यावं.

गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी भांडत नव्हती. बोलतही नव्हती. अकरावीत गेली, आणि शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारी पोरगी ऐनवेळी रडायला लागली तेव्हा मॅडमनी जी समोर दिसली तिच्या हातात माइक दिला. समोर योगेश्वरी होती. स्वतःचा आवाज मैदानाच्या पार टोकापर्यंत जाऊन पाहुण्यांच्या माना वळवतो, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून तो आवाज कुठे ठेवावा हे तिला कळेना.

आगीचं प्रकरणही शाळेतूनच आलं. अग्निशमनवाले एक साहेब प्रात्यक्षिक द्यायला आले होते. डब्यात चिंध्या पेटवल्या आणि लाल सिलिंडर दाखवून विचारलं, कोण येतं पुढे. मुलं एकमेकांना ढकलत राहिली. बाराबारा कोसांवरच्या मारामाऱ्यांच्या बढाया मारणारे वीर ते, पण चिंध्यांची आग बघून त्यांच्या चपला जमिनीला चिकटल्या. योगेश्वरी उठली, पिन ओढली आणि ज्वालांच्या बुडाशी नेम धरून दांडा दाबला. आग विझली. प्राचार्यांचा चष्माही पांढरा झाला, पण ते हसले.

मग साहेब म्हणाले, घरी जाऊन बघा. बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या आहेत का, आणि बाहेर पडल्यावर सगळ्यांनी जमायची जागा ठरली आहे का. आणि घरातलं प्रत्येक दार आतल्या माणसाला आतून उघडता आलंच पाहिजे. धूर माणसाला विचार करायला वेळ देत नाही.

हे शेवटचं बोलणं झालं आणि मुलींच्या रांगेत एकदम सामसूम झाली. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

त्याचं कारण असं. दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या केशोराव पटल्यांची थोरली मुलगी एका डीजेवाल्या पोराबरोबर गोंदियाला गेली, आणि गोंदियाहून गाडीत बसून आणखी पुढे. ती आता रायपूरला आहे. स्टेटसला लेकराचे फोटो टाकते आणि सगळी गल्ली ते चोरून बघते. तिचं जे व्हायचं ते चांगलंच झालं. जे वाईट झालं ते मागं उरलेल्या पोरींचं. त्या महिन्यात चौकातल्या दुकानातल्या कड्या संपल्या. दुकानदाराला वाटलं गावात चोऱ्या वाढल्या. त्यानं बिचाऱ्यानं कुलपंही मागवली.

योगेश्वरीच्या खोलीला कडी लागली ती बाहेरून. रोज रात्री बाबा ती लावत, रोज सकाळी काढत. मधल्या वेळात काही लागलं तर भिंत ठोकायची, आई उठून बाबांना उठवायची. चोराचिलटांसाठी, असं बाबा सांगत. जी कडी चोराला बाहेरून एका बोटानं निघते आणि घरच्या पोरीला आतून डोकं आपटूनही निघत नाही, ती चोरासाठी कशी, हे कोडं योगेश्वरीनं इतके दिवस गिळलं होतं. त्यात दार खाली बसलेलं. ते हातानं जरा वर उचलायचं आणि त्याच वेळी कडी सरकवायची, अशी युक्ती होती. ती बाबांनाच जमे आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

तर जेवण झालं, हात धुतले गेले, आणि बाबांनी उत्तर दिलं. "कडी मी काढीन. आखीन कोन काढंल?"

"तुमी शेतावर जागलीले असले तं?"

"मंग संजू काढंल."

"काकाच्या कानात मोबाइलचे बोंडं असते. गावजेवनाचा लाउडस्पीकर त्याले आयकू येत नाई."

"आता कोन म्हनलं?" संजूकाकानं कानातलं एक बोंड काढून विचारलं.

"मंग तुह्या आईनं काढावं," बाबा म्हणाले. "घरात एवढे लोक आहो आमी. कोनी ना कोनी काढंलच."

"नाव सांगा ना एक."

बाबांना नाव सांगवेना. पण पोरीनं साहेबासमोर आग विझवली ही बातमी चौकात पोचली होती, आणि अशा पोरीच्या घरात काही तयारी नाही असं कोणी म्हटलेलं त्यांना खपलं नसतं. ते ओसरीत जाऊन खुर्चीवर बसले, पाय पसरले आणि जाहीर केलं, "रविवारी सराव करू. साऱ्या घराचा. कोन काय काढंल ते मी ठरवतो."

योगेश्वरीला पोटातून हसू येत होतं. जो माणूस पाच मिनिटांपूर्वी आग कायले लागंल म्हणत होता, तो आता आगीचा पाटील होऊन बसला होता. संजूनं मोटारसायकल आणि टीव्ही काढायचा. आईनं देव आणि सिलिंडर. बाबा स्वतः बियाण्याचं पोतं काढणार, कारण ते बियाणं त्यांनी निवडून ठेवलं होतं आणि दुसऱ्याच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. आजानं फक्त स्वतःला काढायचं. जमायची जागा अंगणातल्या बोरिंगजवळ.

"आन मी?"

"तू आपल्या खोलीत झोपल्यासारखी राह्य. रात्रीची आग आहे ना. मंग जशी रात्र तसा सराव."

"कडी?"

"कडी लावून. सराव म्हनजे सराव."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये तिनं हे सगळं अभिनयासकट सांगितलं. खुशी इतकी हसली की तिला उचकी लागली. चंचल हसली नाही. "आमच्या दाराले कुलूप आहे," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "चावी बाबाच्या करदोड्याले."

रविवारी दुपारी बाबांनी पाहुणाही बोलावला. गुणवंताभाऊ, तंटामुक्तीचे अध्यक्ष. गावात तंटे किती मिटले ते देव जाणे, पण त्यांच्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नसे. ते पांढरा पायजमा घालून आले आणि बोरिंगच्या ओट्यावर बसले. बाबांनी योगेश्वरीला खोलीत पाठवलं, दार उचललं, कडी सरकवली. दिवसाउजेडी तो आवाज तिला पहिल्यांदाच ऐकू आला. रात्री झोपेच्या तोंडावर तो इतका मोठा वाटत नसे.

खोलीला अंगणाकडे एक खिडकी होती, जाड गजांची. योगेश्वरी पलंगावर मांडी घालून खिडकीशी बसली. तमाशा बघायला जागा पहिल्या रांगेतली होती.

संजूकाकानं स्टीलचं ताट बडवलं आणि "आग लागली" असं म्हटलं, पण अशा सुरात की जणू कोणी भाजी घ्या म्हणतं आहे. मग सगळे धावले.

सगळ्यात आधी मोटारसायकल बाहेर आली. मग संजूकाका टीव्ही छातीशी धरून आला, आजारी माणसाला दवाखान्यात न्यावं तसा, पायाखाली बघत, आणि मागून वायर ओढत. आई सुपात देव घेऊन आली. देव बोरिंगच्या ओट्यावर ठेवले आणि पुन्हा आत जाऊन सिलिंडर लोळवत आणलं. बाबांच्या पाठीवर बियाण्याचं पोतं. ते टेकवून त्यांनी दम घेतला आणि गुणवंताभाऊंकडे पाहिलं, भाऊ बघताहेत ना याची खात्री करायला. आजा आरामात काठी टेकत आला, ओट्यापर्यंत पोचला, खिसा चाचपला आणि माघारी वळला.

"आजा, कुठी?" संजूकाका ओरडला. "आग लागली आहे ना घराले."

"बिडी राहिली," आजा म्हणाला. "आन माचिस."

जळत्या घरात माचिस आणायला निघालेला हा जगातला एकमेव माणूस. योगेश्वरीनं ओढणी तोंडात कोंबली. हसण्याचा आवाज बाहेर गेला असता तर खेळ मोडला असता, आणि तिला आता पुढचं बघायचं होतं. आता ते मोजतील. आता कोणीतरी म्हणेल.

"सारे आले का?" बाबांनी विचारलं.

आजा बिडी घेऊन परतला होता. त्यानं काठीच्या टोकानं मोजलं. "मी, तू, संजू, सून. गाडी आली. टीवी आला. देव, शिलिंडर, बी." काठी जरा हवेत थांबली, मग खाली आली. "आलं बाप्पा सारं."

गुणवंताभाऊंनी टाळ्या वाजवल्या. "याले म्हनते तयारी, जियालाल. गावातलं पयलं घर. ग्रामसभेत सांगतो मी. उभे राहा साऱ्यायनं, फोटो काढतो. वहिनी, जरा जवर सरका. शिलिंडर दिसू द्या."

आणि सगळे उभे राहिले. मधोमध बाबा, पोत्यावर हात ठेवून. बाजूला आजा. संजूकाकानं टीव्ही पुन्हा उचलून धरला, कारण फोटोत तो यायला हवा होता. आईनं पदर सारखा केला आणि देवांचं सूप हातात घेतलं. फोन उभा धरून भाऊ म्हणाले, जरा हसा. सगळे हसले.

योगेश्वरीची ओढणी तोंडातून कधीच गळून पडली होती. ती गजांना तोंड लावून बघत होती. आपलं हसू नेमकं कुठे थांबलं ते तिला सांगता आलं नसतं. कुटुंबाचा फोटो छान आला असणार. कोणी काही विसरल्यासारखं दिसत नव्हतं. त्यांच्यातल्या एकानं जरी मान वळवली असती तरी तिचं तोंड खिडकीत दिसलं असतं, पण मान वळवण्यासारखं कोणाचं काही आत उरलं नव्हतं.

ती हाक मारू शकत होती. मैदानाच्या पार टोकापर्यंत जाणारा आवाज होता तिचा. पण ती गप्प बसली. या वर्षात ती पहिल्यांदाच मुद्दाम गप्प बसली.

ऊन तापायला लागलं. गुणवंताभाऊ आपल्या काळातल्या एका आगीची गोष्ट सांगू लागले, ज्यात त्यांनी एकट्यानं बैलजोडी वाचवली होती. गोष्ट रंगली. बाबांनी मान डोलावली, आणि पाहुण्याला काही पाजलं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी घराकडे न बघताच हाक दिली, "योगी, चाय मांड वो. गुणवंताभाऊले."

योगेश्वरी पलंगावर उभी राहिली, म्हणजे तोंड नीट खिडकीत येईल.

"बाबा, मी जळून गेली," ती म्हणाली. "चाय दुसऱ्या कोनाले सांगा."

गुणवंताभाऊंची बैलजोडी जिथल्या तिथे राहिली.

आईच्या हातातलं सूप खाली आलं. जी बाई देवांना कधी जमिनीवर टेकू देत नसे, तिनं ते मातीत ठेवलं आणि ती पळाली. योगेश्वरीला दाराबाहेर तिची पावलं ऐकू आली, मग कडीची खडखड. एकदा, दोनदा. मग दाराला दिलेला धक्का.

"निघून नाई राहिली," आई म्हणत होती, दाराला की स्वतःला ते कळेना. "निघून नाई राहिली वो माय."

"आई, उचल. दार उचलून मंग सरकव."

"उचललं ना. नाई होऊन राहिलं."

पुन्हा खडखड झाली. बांगड्या दारावर आपटल्या. मग बाबांचा आवाज आला, "सरक. असं नाई. तुले किती खेपा सांगलं." आणि कडी निघाली, सहज, त्यांच्या हाताला सवयच होती.

आईनं दारात उभं राहून योगेश्वरीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, कुठे काही भाजलंय का बघावं तसं. तिच्या बोटाचं नख तुटून रक्त आलं होतं.

ओसरीत सगळे जमले तेव्हा पहिलं बोलणं बाबांनीच केलं. अशा वेळी पहिलं बोलणं त्यांचंच असतं. "सराव होता म्हनून झालं. खरी आग असती तं पयले तुलेच काढलं असतं."

"पयले गाडी काढली."

"गाडी वाटेत होती."

"फोटोपन काढला, बाबा. त्यात शिलिंडर आहे."

संजूकाका पहिल्यांदाच कानातली दोन्ही बोंडं काढून बसला होता. "दादा, मले वाटलं तू कडी काढून आला," तो म्हणाला.

"मले वाटलं तू."

"मले वाटलं सून गेली," आजा म्हणाला, आणि त्यानं बिडी न पेटवताच खिशात ठेवली.

गुणवंताभाऊंना वाटलं, हा तंटा आहे आणि तो आपण मिटवायला हवा. त्यांनी घसा साफ केला. "एवढी मोठी गोष्ट नाई ही. मी सांगतो. माझ्याकडे समितीची एक शिट्टी पडून आहे. पोरीच्या उशाशी ठेवा. काई झालं, धूर आला, वाजवली शिट्टी. आले सारे."

बाबांचा चेहरा खुलला. "हा. शिट्टी. हे बराबर आहे."

योगेश्वरीनं दोघांकडे पाहिलं. दोन मोठी माणसं, एक तंटामुक्तीचा अध्यक्ष, एक घरचा कर्ता. दोघं मिळून शिट्टीपर्यंत पोचले होते. हात लांब करून कडी काढून टाकावी, इथवर मात्र दोघांपैकी कोणाचं डोकं जाईना.

"शिट्टी वाजवाले श्वास लागते, काका," ती गुणवंताभाऊंना म्हणाली. "धुरात पयले तोच जाते."

भाऊ चहा न घेता गेले. जाताना त्यांनी फोटो पाठवतो म्हटलं, आणि मग तसं म्हणायला नको होतं हे त्यांनाही उमगलं.

ते गेल्यावर बाबांचा आवाज खाली आला. "तुले सारं आगीचंच दिसते. केशोराव दोन वर्षांपासून चौकात बसत नाई. लग्नाच्या पंगतीत त्याले कोनी शेजारी बसवत नाई. ते दिसते का तुले?"

तेव्हा कुठे तिला नीट कळलं. बाबा आगीला भीत नव्हतेच, म्हणून त्यांची तयारी अशी हसण्यासारखी झाली होती. ते ज्याला भीत होते ते बाहेरून येणारं नव्हतं. ते आतल्या खोलीत झोपत होतं, अकरावीत शिकत होतं, आणि त्याच्यापासून बचावाची त्यांची तयारी मात्र रोज, न चुकता, पक्की होत होती. तिला एक घडी त्यांची कीव आली. दुसऱ्या घडीला रागच आला, आणि तो बरा वाटला.

"बाबा, मी रोज सकाळी एकटी बसनं शाळेत जातो," ती म्हणाली. "पास फुकट आहे. पळाचं असतं तं सकाळच्या बसनंच गेली असती, अन् संध्याकाळपर्यंत तुमाले समजलंही नसतं. रात्री पळाले कोन जाते? रात्री बसच नसते."

आजा खोकल्यासारखा हसला आणि लगेच खोकू लागला.

"तोंड पाहा पोरीचं," बाबा आईला म्हणाले. "माइक देऊन देऊन चढवून ठेवलं तिले."

आई पदराच्या टोकानं बोट दाबून बसली होती. ती इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलली, आणि नवऱ्याकडे न बघता बोलली. "माह्यानं निघाली नाई जी. मी साऱ्या जोरानं ओढली. तुमी अंगनात होते म्हनून."

त्यावर बाबांकडे 'कायले' नव्हतं. ते बाहेर पडलेल्या सामानाकडे बघत राहिले, जणू आता हे आत कसं न्यायचं हाच काय तो प्रश्न उरला होता.

योगेश्वरी आत गेली. तिनं चादर घडी केली, उशी काखेत धरली, दप्तर खांद्याला लावलं. ओसरीच्या कोपऱ्यात आजाच्या खाटेशेजारी रिकामी जागा होती. तिथे तिनं सगळं ठेवलं आणि आईबाबांसमोर येऊन उभी राहिली. माइक नव्हता, पण तिला तो लागलाही नाही.

"आई, बाबा, आयका. आजपासून मी ओसरीत झोपन. त्या खोलीची कडी ठेवाची का काढाची ते तुमी ठरवा, मले घाई नाई. पन जे दार मले आतून उघडता येत नाई, त्याच्या मांग मी आता झोपनार नाई. या घरात नाई, अन् उद्या लग्न करून ज्या घरी धाडाल तिथंही नाई."